‘वॉर्म, स्पायसी’ वासाला मराठीत काय म्हणाल?

परवा पहिल्यांदा ओपियम नावाचं परफ्यूम लावून बघितलं, ते इव्ह सां लोराँचं, १९७७ सालापासून चालत आलेलं. आधी संत्र्यासारखं काहीतरी आंबटसर आलं, मग लवंग, आणि तासाभराने मनगटावर जे उरलं ते गोडसर, राळेसारखं, सारखं हुंगत बसावंसं वाटणारं. वर्णनात ‘वॉर्म, स्पायसी, ओरिएंटल’ लिहिलेलं. हे बहिणीला फोनवर सांगायला गेले आणि अडकलेच. गरम वास म्हटलं तर ती म्हणे काय जळलं का, मसालेदार म्हटलं तर हसतच सुटली. उग्र म्हणावं तर त्यात नाक मुरडणं आलंच. सुचवा काहीतरी.

—

उबदार म्हणा की. उष्ण नको, ते वैद्यांकडे राहू दे.

—

उबदार ठीक, पण ‘ओरिएंटल’चं काय? तो शब्द आता तिकडेच मागे पडत चाललाय. पूर्व म्हणजे काहीतरी गूढ, मादक, अशी युरोपियन नजर त्यात आहे म्हणून बऱ्याच जणांना खटकतो. सुगंधांचे गट मांडणारं चक्र बनवणाऱ्या मायकेल एडवर्ड्सनी २०२१ मध्ये तो काढून ‘अँबर’ केला.

—

आणि तिथे आपली नवीन पंचाईत! आपलं अंबर म्हणजे आकाश, नाहीतर वस्त्र (पीतांबर, दिगंबर). अत्तरवाल्यांचा अंबर म्हणजे देवमाशाच्या पोटातून येणारा पदार्थ. आणि परफ्यूमवाल्यांचा अँबर यातलं काहीच नाही, तो पिवळा तृणमणीही नाही, ती लॅबडॅनम नावाच्या झुडपाची राळ, बेन्झोइन (तीही एक राळच) आणि व्हॅनिला वगैरे मिळून जमवलेली एक कल्पना आहे.

—

उदाचंही तेच. मराठीत ऊद म्हणजे बेन्झोइनच, धुपासारखा जाळायचा, त्याच्यावरून उदबत्ती. बाटलीवर ‘ऊद’ असतं ते मात्र अगरूचं लाकूड, अरबीतून आलेलं. म्हणजे अँबरमधला ऊद वेगळा आणि ऊद नावाच्या परफ्यूममधला वेगळा, आता बोला.

—

मूळ प्रश्नाकडे येऊ का? अमरकोशात परिमलाची व्याख्या आहे ‘विमर्दोत्थे परिमलो गन्धे जनमनोहरे’, म्हणजे चोळल्या-घासल्यावर उठणारा मनोहर गंध. आणि लगेच पुढे आमोद, लांबवर पसरणारा. आपण परिमळ सरसकट कुठल्याही सुवासाला लावतो आणि आमोद तर प्रमोदाला बांधून टाकलाय, पण हा फरक परफ्यूमसाठी फार कामाचा आहे. राळा, व्हॅनिला यांचे रेणू जड असतात, सावकाश उडतात, त्यामुळे अंगाच्या उबेने तासन् तास थोडे थोडे वर येत राहतात. हा परिमळच झाला ना? आणि तुम्ही खोलीतून निघून गेल्यावर मागे राहतो तो आमोद.

—

शब्द सुंदर आहेत हो, पण बोलताना कोण म्हणणार? तुम्ही गेल्यावर मागे राहतो त्याला आपण सरळ दरवळ म्हणतो. फक्त घमघमाट म्हणू नका, त्यात बाटली सांडल्यासारखं वाटतं.

—

धागा मीच काढला होता. काल परत लावलं आणि बहिणीला परिमळ म्हणून बघितलं, ती म्हणाली नीट बोल गं. मग म्हटलं अगं, लवंगेचा तिखटपणा गेल्यावर मागे जो मुरलेला वास राहतो ना, तो. हे तिला लगेच कळलं. तर माझ्यापुरतं ‘ड्रायडाऊन’ला, म्हणजे परफ्यूमचा शेवटी उरतो त्या वासाला, ‘मुरलेला वास’ ठरलंय, स्पायसी अजून लटकलेलंच आहे.