प्रति: जुन्या ड्रुपलवरची (ड्रुपल म्हणजे वेबसाइट चालवण्याचं सॉफ्टवेअर) आरोग्य विभागाची वेबसाइट

‘आधी नव्या ड्रुपलवर जाऊ, दिव्यांगांच्या सोयीचं नंतर बघू’ हे वर सुचवलेलं मला अजिबात पटत नाही. ड्रुपल ७ या जुन्या आवृत्तीचा अधिकृत सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला, तेव्हा स्थलांतर हवंच. पण लसीकरणाचं वेळापत्रक स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये असेल, तर अंध आईच्या स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते नुसतं चित्र. नव्या ड्रुपलवरही चित्रच राहणार. तो मजकूर आजच पानावर टाइप करा, आणि युनिकोड या प्रमाणित अक्षरसंकेतामध्येच. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधलं मराठी स्क्रीन रीडर निरर्थक अक्षरं म्हणून वाचतो. फॉर्मच्या प्रत्येक रकान्याला लेबल जोडा, अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ ठेवा. आणि माऊस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डने ओपीडीची वेळ सापडते का, हे कृपया स्वतः करून बघा.