आजोबांच्या ऐरणीला मिलिंग मारून घेऊ का?

भाता_बंद:
नमस्कार मंडळी. दिवाळीत गावी (खानापूर तालुका, सांगली) पडवी आवरताना आजोबांची ऐरण बाहेर काढली. आजोबा गावचे लोहार. फाळ, कुळवाच्या फासा, विळे, कुऱ्हाडी, सगळं शेवटून (भट्टीत तापवून, ठोकून धार काढून) द्यायचे. ते गेले आणि भाता बंद झाला. बाबा एसटीत लागले, मी पुण्यात कॉम्प्युटरपुढे. आता हात शिवशिवतायत. घरी छोटी भट्टी लावून निदान एक विळा तरी करायचाय.

ऐरण एका बाजूला शिंग (निमुळतं टोक) असलेली, मोठी. खालचा बाभळीचा ओंडका वाळवीनं खाल्ला. माथा मधोमध खोलगट झालाय, पट्टी आडवी ठेवली की खालून रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून सरकतात. कडाही दोन ठिकाणी उडाल्यात. इथला एक वर्कशॉपवाला म्हणतो, मिलिंग मारून, म्हणजे मशीननं वरचा थर कापून, आरशासारखी करून देतो. देऊ का?

दुसरं, अंगावर इंग्रजी आकडे कोरलेत: १ १ १०. घरात सगळे ११० किलो म्हणायचे. भंगारवाल्याच्या काट्यावर ६७ किलो ८०० भरली. काटा मारतोस म्हणून मी त्याच्याशी भांडून आलो.

चावी_पाना:
एवढा व्याप कशाला? रुळाचा तुकडा घ्या, उभा रोवा, झाली ऐरण.

स्मिथीशॉप_निवृत्त:
आधी त्या भंगारवाल्याची माफी मागा. आपण मण, शेर, छटाक ओळीनं सांगायचो, तसा इंग्रजांचा हा हिशोब. पहिला आकडा हंड्रेडवेट, म्हणजे ११२ पौंड. दुसरा त्याचा पाव, २८ पौंड. तिसरा सुटे पौंड. ११२ + २८ + १० = १५० पौंड, म्हणजे ६८ किलो. इतक्या वर्षांत दोनशे ग्रॅम झिजली एवढंच. काटा चोख आहे. आणि ज्या ऐरणीवर असे तीन आकडे असतात ती बहुतेक विलायतेहून आलेली.

आता मिलिंग. अजिबात नको. मी ३१ वर्षं भट्टीवर काढली आणि एक ऐरण स्वतःच्या हातानं वाया घालवलीय, म्हणून सांगतो. जुन्या ऐरणीचं धड मऊ घडीव लोखंडाचं असतं. त्यावर वरून पोलादाची पाटी भट्टीत तापवून चिकटवलेली आणि मग पाणी देऊन, म्हणजे लाल तापवून पाण्यात विझवून, कडक केलेली. ही पाटी साधारण अर्धा इंच, कधी त्याहून कमी. मला माथा सपाट हवा होता, मशीनवाल्यानं चार मिलिमीटर उतरवले. दिसायला झकास. महिनाभरात हातोडीचे वळ उठायला लागले, एका कोपऱ्याखाली तर पाटी दबलीच. तुमच्यात तीनेक मिलिमीटरचा खळगा आहे. तो काढायला अख्ख्या माथ्यावरून तीन मिलिमीटर जाणार, चांगल्या जागेवरूनही.

आणि खळगा वाईट नाही हो. वाकडी पट्टी सपाट माथ्यावर कितीही ठोका, स्प्रिंगसारखी परत येते. खळग्यावर ठेवून ठोकली की थोडी पलीकडे वाकते आणि मग सरळ बसते. तुमच्या आजोबांनी तो खळगा जपूनच वापरला असणार.

उडालेल्या कडांवर साध्या रॉडचं वेल्डिंग चढवू नका. मऊ धातू बसतो, आणि उष्णतेनं आजूबाजूचं पाणी उतरतं ते वेगळंच. फार तर ग्राइंडरनं हलक्या हातानं गोलाई द्या. कडा धारदार असली की कामात (ठोकत असलेल्या लोखंडात) घडी पडते आणि तिथूनच चीर जाते. गंज तारेच्या ब्रशनं काढा, वर तेलाचा हात.

माथा जिवंत आहे का ते असं बघा: एक इंची बेअरिंगची गोळी दहा इंचावरून सोडा. सात-आठ इंच उसळली तर पोलाद ठणठणीत. दोन-तीन इंचांवर मेली तर तिथलं पाणी गेलंय. जागा बदलत बदलत सगळीकडे सोडा.

चावी_पाना, रूळ चांगलाच चालतो, उभा रोवला तर घाव थेट खाली उतरतो. पण लिलावाची पावती असलेलाच घ्या. रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्यावर १९६६ चा वेगळा कायदा आहे.

लोहाराची_लेक:
भाता_बंद दादा, ऐरणीवर कुणाला बसू देऊ नका हं. आमच्याकडे पाय लागला तरी हात लावून पाया पडायला लावायचे, आणि खंडेनवमीला तिला हळदकुंकू.

आमची ऐरण बिनशिंगाची, नुसता चौकोनी ठोकळा, ओंडक्यासकट भुईत गाडलेली. अण्णा बसून काम करत, समोर मी उभी, घण घेऊन. दहावीपर्यंत मीच मारला घण, नंतर आई. अण्णांच्या एका हातात सांडशी, दुसऱ्यात छोटी हातोडी. ती जिथं टेकवतील तिथं माझा घाव. टक् – धाड, टक् – धाड. जोर कमी हवा असेल तर टक् हळू यायचं. मधूनच काम फिरवताना हातोडी रिकाम्या ऐरणीवर नाचवायचे, म्हणजे ताल तुटत नाही. आणि हातोडी आडवी ठेवली की घण खांद्यावरच थांबवायचा. बोलणं नाहीच. एकदा मी आडवी हातोडी बघितली नाही आणि अण्णांचं बोट थोडक्यात वाचलं. त्या दिवशीही बोलले नाहीत, नुसतं बघितलं.

स्मिथीशॉप_निवृत्त:
ताई, आमच्या शॉपमध्येही हेच, पॉवर हॅमर येईपर्यंत.

भाता_बंद:
काका, गोळी सोडून बघितली. मधल्या खळग्यात आठ इंच! कडेला सात. पण शिंग आणि माथ्याच्या मधे जी खालची पायरी आहे तिथं जेमतेम दोन. ती मेली का? आणि आवाज फार होतो, शेजारचे आजोबा गॅलरीत येऊन उभे राहिले.

स्मिथीशॉप_निवृत्त:
पायरी मऊच असते, मुद्दाम. छिन्नीनं तोडायचं काम तिथं करायचं, म्हणजे छिन्नी आरपार गेली तरी धार मोडत नाही. त्यावर वळ पडले तर पडू देत.

आवाजाला ऐरणीच्या कमरेभोवती जाड साखळी गुंडाळा आणि बूड ओंडक्याला घट्ट आवळा. निम्मा आवाज तिथंच मरतो. ओंडका नवा कराल तेव्हा सरळ उभे राहा, हात सैल सोडा, मूठ वळा. बोटांचे सांधे जिथं येतील तिथं माथा. आजोबांच्या मापानं करू नका, ते बसून काम करत असतील तर तुमची कंबर जाईल.

भाता_बंद:
मिलिंगवाल्याला नाही म्हणून कळवलं. ओंडक्यासाठी बाभूळ सांगितलीय. भंगारवाल्याकडेही जाऊन आलो. तो म्हणाला, साहेब, काटा तर मी कालच तपासून घेतला होता. मग चहा पाजला त्यानंच.