नाइन इंच नेल्स: तुमचा अल्बम कोणता?

२०२५ मध्ये 'ट्रॉन: एरीज' या हॉलिवूडपटाला नाइन इंच नेल्स या अमेरिकन रॉक बँडचं संगीत आलं. त्यावर नेहमीसारखी बँडचा गायक ट्रेंट रेझ्नर आणि त्याचा बँडमधला साथीदार अ‍ॅटिकस रॉस अशी दोघांची नावं न टाकता थेट बँडचं नाव होतं, आणि आमच्या घरात भांडण पेटलं. माझ्या मते हेही नाइन इंच नेल्सच. नवरा म्हणतो, १९९४ नंतर यांनी वाजवलंय काय! म्हणून हा धागा. कुठून ऐकायला लागलात, कुठे सोडलंत, का परत आलात, लिहा. 'असला गोंगाट कसा ऐकवतो तुम्हाला' असं विचारणाऱ्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावं.

दादर
मावसभावाने अमेरिकेहून 'द डाऊनवर्ड स्पायरल' या १९९४च्या अल्बमची कॅसेट आणली होती. सुरुवातीला कुणाला तरी मारल्याचे धपाधप आवाज आणि मग एकदम भडका. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "टेपचं हेड खराब झालंय, पुसून घे." मी कापसाला कोलन वॉटर लावून इमानेइतबारे पुसलं. आवाज तस्साच! 'प्रिटी हेट मशीन' हा १९८९चा पहिला अल्बम त्यानंतर हाती आला आणि चक्रावलोच, यावर तर चक्क नाचता येतं. रेझ्नर तेव्हा क्लीव्हलंडच्या एका स्टुडिओत पडेल ते काम करायचा, साफसफाईसुद्धा. स्टुडिओ रिकामा असला की स्वतःचे डेमो रेकॉर्ड करायचा. सिंथेसायझरवर एकट्याने रचलेलं ते दुःख पाच वर्षांत एवढं गंजकं कसं झालं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

पुणे, सदाशिव पेठ
वाजवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. 'स्पायरल'वरच्या 'क्लोजर' गाण्यातला तो धप्प-धप्प ठोका रॉक गायक इगी पॉपच्या 'नाइटक्लबिंग'मधून उचलून, मोडतोड करून वापरलाय. आणि त्याच अल्बममधलं 'मार्च ऑफ द पिग्ज' हातावर मोजून बघा: सात, सात, सात, आठ. २९चं आवर्तन! भरधाव पळता पळता मध्येच सगळं थांबतं आणि एक गोडसा पियानो येतो, जणू काही झालंच नाही. आमच्या तबल्याच्या सरांना ऐकवलं. ते म्हणाले, "सम कुठाय तेवढं दाखव, बाकीचं मी बघतो." दाखवली. पुढच्या आवर्तनाला ते बरोब्बर समेवर आले.

नाशिक
'द फ्रॅजाइल', १९९९. दोन सीडी. बास. बाकी तुम्ही भांडा.

न्यू जर्सी
२००७चा 'इयर झीरो' कुणालाच आठवत नाही का? दौऱ्यातल्या टी-शर्टवरची काही अक्षरं ठळक होती. ती जोडली की एका वेबसाइटचा पत्ता मिळायचा. लिस्बनच्या कार्यक्रमात स्वच्छतागृहात पेन ड्राइव्ह सापडला, त्यात न आलेलं गाणं. आम्ही ऑफिसात कामं सोडून हे धागेदोरे जुळवत बसायचो. सीडी वाजवून बाहेर काढली तर काळीची पांढरी झालेली! उष्णतेने रंग उडायचा आणि खालून शून्य-एकचे आकडे दिसायचे. संगीतही तसंच, लॅपटॉपवर चिरफाड केलेलं.

२०१८मध्ये तर आगाऊ तिकिटं खिडकीवरच ठेवली होती, ऑनलाइन नाही. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी सभागृहाबाहेर पहाटेपासून रांग. गडकरी रंगायतनला प्लॅन उघडायच्या दिवशी असते तशीच, फक्त सगळे काळ्या कपड्यांत. त्या वर्षीच्या 'बॅड विच'मध्ये रेझ्नरने सॅक्सोफोन वाजवलाय. रांगेतला निम्मा वेळ त्यावरच वाद.

कोल्हापूर
'घोस्ट्स' २००८मध्ये आला. ३६ तुकडे, शब्द नाहीत, आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना. श्रेय द्या, धंदा करू नका आणि स्वतःचं कामही त्याच अटींवर खुलं ठेवा, की वापरा! कॉलेजातली आमची शॉर्ट फिल्म त्यावर उभी राहिली. परीक्षकांनी फक्त पार्श्वसंगीताचं कौतुक केलं, हा भाग वेगळा. पुढे त्यातलाच एक बँजोचा तुकडा लिल नास एक्सच्या 'ओल्ड टाउन रोड' या गाजलेल्या गाण्यात आला. भाची दिवसभर तेच लावून नाचायची आणि तिला 'हे माझ्या बँडचं आहे' म्हटलं की हसायची.

धागाकर्तीचा नवरा
माझी बदनामी झालीच आहे तर लिहितो. ऑस्कर मिळालं, छान. 'द सोशल नेटवर्क'चं संगीत मलाही आवडतं. पण 'हेझिटेशन मार्क्स' (२०१३) ऐका: प्रत्येक आवाज घासूनपुसून जागेवर. मला त्या गाण्यांत बोट कापेल अशी धार हवी होती. माणूस व्यसनातून बाहेर आला, याचा आनंदच आहे. त्याने आयुष्यभर कुढत राहावं असं मी म्हणत नाही. पण 'स्पायरल'च्या शेवटच्या 'हर्ट' गाण्यात गिटारचा तो एक स्वर मुद्दाम खटकत राहतो ना, तसा खटका नंतर किती वेळा आला? कंट्री गायक जॉनी कॅशने २००२मध्ये तेच गाणं गायलं, त्याने तर तो स्वरच काढून टाकला.

धागाकर्ती
खटका 'बॅड विच'मध्ये आहे. पण त्यासाठी ऐकावं लागतं.

ठाणे
मी नवीन आहे. सुरुवात कुठून करू?

दादर
'प्रिटी हेट मशीन', मग 'स्पायरल', दोन्ही हेडफोनवर. 'फ्रॅजाइल'ला लगेच हात लावू नका. आणि ते नाशिकवाले काय म्हणतात ते ऐकू नका.

नाशिक
बास म्हटलं ना.