पीएचडीनंतर प्राध्यापकी की फार्मा? सुब्बारावांचं काय झालं बघा

खटपट्या: भाची बायोकेमिस्ट्रीत पीएचडी संपवतेय, तिला फार्मात जायचंय आणि घरचे म्हणतात प्राध्यापकीच बरी. मी भाचीच्या बाजूने. आपले बायोकेमिस्ट यल्लाप्रगडा सुब्बाराव बघा ना, १९२३ला बोस्टनला गेले, हार्वर्डमधे तिथल्या बायोकेमिस्ट फिस्केंबरोबर फॉस्फरस मोजायची पद्धत काढली (एमेस्सीच्या प्रॅक्टिकलला निळं सोल्यूशन करून कलरीमीटरला लावायचो तीच), मग फॉस्फोक्रिएटिन, एटीपी (पेशींना ऊर्जा देणारे रेणू) शोधले, आणि एवढं करून कायम नोकरी नाहीच! १९४०ला लेडर्ले कंपनीत गेले आणि ८ वर्षांत त्यांच्या टीमने फॉलिक ॲसिड (बी गटातलं व्हिटॅमिन), ऑरिओमायसिन (अँटिबायोटिक), हेट्राझान (हत्तीरोगावरचं औषध) एवढं काढलं.

मोलिब्डेट: काहीही हं. तयार कुठे झाले ते? हार्वर्डातच ना, कंपनीला आयता माणूस मिळाला. आणि अमिनोप्टेरिन हे कॅन्सरवरचं औषध लेडर्लेत बनलं खरं, पण ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पोरांना देऊन बघितलं सिडनी फार्बरनी, ते हार्वर्डचेच. १९४८च्या पेपरात १६ पैकी १० पोरांना तात्पुरता का होईना फरक पडलेला.

खटपट्या: अहो पण बनवलं कोणी? असले रेणू तयार करायला केमिस्टांची फौज लागते, ती कुठल्या प्राध्यापकाकडे असते? इथे दोन जेआरएफ (फेलोशिपवर पीएचडी करणारी पोरं) आणि ग्रँटची वाट बघणं.

झाडीपट्टी: हेट्राझान म्हणजे डीईसी, आमच्या गडचिरोलीत हत्तीरोगाच्या मोहिमेत वाटतात त्याच गोळ्या. पण कंपनीचं एवढं कौतुक नको. युद्धात पॅसिफिकमधे अमेरिकन सैनिकांना फायलेरिया (म्हणजे हत्तीरोगच) व्हायला लागला म्हणून त्या औषधाची घाई होती, आपल्या लोकांची कोणाला पडलेली. आज भाचीला हत्तीरोगावर काम करायचं म्हटलं तर कुठली कंपनी हो म्हणेल? मार्केट नाही की प्रोजेक्ट बंद.

खटपट्या: आणि विद्यापीठात ग्रँट नाही की बंद. फरक काय?

रात्रपाळी: फरक आहे. मी फार्मात आरअँडडीला आहे, काम झालं तर पेटंटात जातं नाहीतर करारात गाडलं जातं, बाहेर बोलायची सोय नाही, मग परत शिकवायला जायचं म्हटलं की सगळे पब्लिकेशन विचारतात. पगार मात्र वेळेवर हो, ते जेआरएफवाल्यांना विचारा! भाचीला आधी पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम) करू दे, विद्यापीठातून कंपनीत येता येतं, उलटं फार अवघड.

मोलिब्डेट: +१

खटपट्या: पोस्टडॉक म्हणजे अजून काही वर्षं कच्च्या नोकरीवर. सुब्बारावांना १७ वर्षं तसंच लटकवलं होतं, तेच तर म्हणतोय मी.