ज्युनिअरला शिकवून सिनिअरच्या पदरात काय पडतं?

अर्धविराम:
टीममध्ये दोन नवे डेव्हलपर आलेत आणि त्यांना तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मॅनेजर म्हणतो, शिकवलं की आपलंही पक्कं होतं. पण माझा अर्धा दिवस त्यांच्या मशीनवर प्रोजेक्ट का चालत नाही हे बघण्यात जातो आणि माझी तिकिटं (नेमून दिलेली कामं) तशीच लोंबकळत राहतात. ज्यांनी हे बराच काळ केलंय त्यांनी सांगा, कोडच्या बाबतीत तुम्हाला स्वतःला यातून काही नवीन कळलं का? 'समाधान मिळतं' छाप उत्तरं नकोत.

बी_ट्री:
समाधान राहू दे, तांत्रिकच सांगते. आमच्या युजर टेबलमध्ये ईमेलवर इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची क्रमवार सूची) होता, तरी एक क्वेरी (डेटाबेसकडे केलेली विचारणा) रांगत होती. मी सवयीने सांगून टाकलं, "व्हेअरमध्ये लोअर() लावलंयस, म्हणून इंडेक्स वापरला जात नाही." (व्हेअर म्हणजे क्वेरीतली अट, लोअर() म्हणजे सगळी अक्षरं स्मॉल करणं.) माझ्या लेखी विषय संपला होता. ज्युनिअर म्हणाली, "पण ईमेल तर तीच आहे ना, मग का नाही?"

झालं, इंडेक्सची रचना फांद्या फुटत जाणाऱ्या झाडासारखी असते, ते झाड फळ्यावर काढायला घेतलं. इंडेक्समध्ये मूळ ईमेल क्रमाने लावलेल्या असतात. लोअर() केलेल्या ईमेलचा क्रम निराळा, त्यामुळे झाडात कुठल्या फांदीला वळायचं हे डेटाबेसला कळायला मार्गच नाही. लोअर(ईमेल) वरच इंडेक्स बनवला की झालं. हे चालू असताना तिचा पुढचा प्रश्न: "मग लाइक 'अबक%' ला इंडेक्स चालेल आणि '%अबक' ला नाही?" (% म्हणजे तिथे काहीही चालेल.) तर्क चोख होता. म्हटलं, एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालणार हे दाखवणारी कमांड) चालवून बघू. आमच्या डेटाबेसने, म्हणजे पोस्टग्रेसने, दोन्हीकडे सीक्वेन्शियल स्कॅन (इंडेक्स सोडून अख्खं टेबल वाचणं) दाखवला! शोधल्यावर कळलं की कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचा नियम) 'सी' नसेल तर साधा इंडेक्स 'अबक%' लाही उपयोगी पडत नाही, टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स हा पर्याय लावून वेगळा करावा लागतो. इतकी वर्षं पोस्टग्रेस वापरतेय, पण हे बघायची वेळ तिच्यामुळे आली. माझ्याकडे नियम पाठ होते, कारणं तिने मागितली.

स्टॅक_ट्रेस:
मला असा साक्षात्कार क्वचितच होतो. फायदा होतो तो प्रोजेक्टला. तुमचा अर्धा दिवस सेटअपमध्ये जातो म्हणजे रीडमी (प्रोजेक्ट कसा चालवायचा हे सांगणारी फाइल) शिळा झालाय, आणि ते जुन्या माणसाला कधीच दिसत नाही, कारण त्याच्या मशीनवर सगळं आधीपासून चालू असतं. आमच्याकडे नव्या माणसाची पहिली पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रोजेक्टमध्ये घेण्याची विनंती) रीडमीचीच असते. अडला की उत्तर द्यायचं, पण ते त्याने तिथे लिहायचं. आणि हो, कीबोर्ड त्याच्या हातातून ओढून घ्यायचा नाही. मला हे अजून जड जातं.

अर्धविराम:
रीडमीचं लगेच करतो. पण बी_ट्री, 'का' विचारणारी माणसं तुमच्या नशिबी आली. माझी दोघं "हो सर, समजलं" म्हणून मान डोलावतात.

बी_ट्री:
मग 'समजलं का' विचारूच नका. कोड रिव्ह्यू (दुसऱ्याचा कोड तपासणं) उलटा करा. तुमची पुल रिक्वेस्ट त्यांना द्या, आणि त्यांचा निदान एक प्रश्न आल्याशिवाय मर्ज करू (मूळ कोडमध्ये मिसळू) नका. सुरुवातीला 'या व्हेरिएबलचं नाव असं का' एवढंच येईल, येऊ द्या. आमच्याकडे अशातूनच एकाने विचारलं होतं, "टाइमआउट झाल्यावर रिट्राय केला आणि पहिली पोस्ट रिक्वेस्टही पोचलेली असली तर पैसे दोनदा कापले जातील?" त्यानंतर आम्ही आयडेम्पोटन्सी की (तीच रिक्वेस्ट पुन्हा आली तर ओळखू यावी म्हणून तिला जोडलेली खूण) आणली.

आणि ते 'सर' आधी बंद करायला लावा.