एकच दुर्बीण सगळ्या वेव्हलेंग्थ का बघत नाही?

दुर्बीणवेडा
बरेच दिवस डोक्यात घोळतोय हा प्रश्न. शोधून पाहिलं पण सगळीकडे तेच ते गोलगोल लिहिलंय, म्हणून इथे विचारतो. हबल आहे, वेब आहे, एक्स-रे साठी चंद्रा, गॅमा-रे साठी फर्मी, आधी स्पिट्झर आणि हर्शेल पण होत्या, म्हणजे प्रत्येकीने आपापला एक तुकडा पकडलाय. रेडिओ, इन्फ्रारेड, डोळ्याला दिसतो तो प्रकाश, यूव्ही, एक्स-रे, गॅमा हे सगळं मुळात एकच आहे, फक्त वेव्हलेंग्थ वेगळी, एवढं मला माहितीये. मग एकदाच काय तो खर्च करून एक भला मोठा आरसा आणि मागे पाच-सहा सेन्सर, असं का नाही करत? आणि वेबच्या आरशाला सोन्याचा मुलामा दिलाय तो खरंच कामाचा आहे की नुसता भपका? जाणकारांनी जरा उकलून सांगा, गणित थोडंसं चालेल, फार नको.

निशाचर
आधी एक गोष्ट क्लिअर करू, सगळ्याच वेव्हलेंग्थसाठी वर जायची गरज नसते. दिसणारा प्रकाश आणि रेडिओचा बराच मोठा पट्टा हवेतून आरामात खाली येतो, त्यामुळे रेडिओवाले जमिनीवरच खूश आहेत, पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश कोण कशाला आकाशात नेईल. इन्फ्रारेडचा बराचसा भाग हवेतली वाफ खाऊन टाकते. एक्स-रे तर जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. सूर्यमालेबाहेरचा पहिला एक्स-रे स्रोत, स्कॉर्पियस एक्स-१, सापडला १९६२ मध्ये आणि तोसुद्धा काही मिनिटांपुरता वर जाऊन खाली पडणाऱ्या रॉकेटवरच्या यंत्रातून. तर अवकाशात काय न्यायचं ही यादी इथूनच निम्मी होते. बाकी आरशाचं कोणीतरी सांगेलच.

अर्धवट_अभियंता
सांगतो, जरा लांबेल.

तुझ्या प्रश्नातली गोची "एक मोठ्ठा आरसा" या तीन शब्दांत आहे, सेन्सर नंतरची गोष्ट. आधी सोनं घे. सोनं पिवळं दिसतं कारण ते निळा प्रकाश खातं, आणि इन्फ्रारेड मात्र ९८ टक्क्यांच्या आसपास परत पाठवतं. वेबचं काम मुख्यतः इन्फ्रारेडचं, ०.६ ते २८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मीटरचा दहा लाखावा भाग), म्हणून तिला सोनं. भपका वगैरे काही नाही, थर इतका पातळ आहे की ६.५ मीटरच्या अख्ख्या आरशाला मिळून साधारण ४८ ग्रॅम सोनं लागलं. हबलला यूव्ही पण बघायचंय, तिथे सोनं कुचकामी, म्हणून तिच्या आरशावर अ‍ॅल्युमिनियम आणि त्यावर मॅग्नेशियम फ्लोराइड. म्हणजे हे दोन शेजारी शेजारी पट्टे, तरी आरशाच्या मुलाम्यापासूनच भांडण सुरू.

आता खरी अडचण. कुठलीही वस्तू तापमानाप्रमाणे स्वतःच चमकत असते. २९०० ला केल्व्हिनमधल्या तापमानाने भागायचं, उत्तर मायक्रॉनमध्ये येतं, त्या वेव्हलेंग्थला ती वस्तू सगळ्यात जास्त चमकते. सूर्य ५८०० केल्व्हिनच्या आसपास, उत्तर ०.५ मायक्रॉन, म्हणजे बरोब्बर दिसणारा प्रकाश. आपलं अंग ३१० केल्व्हिन, उत्तर साधारण ९ मायक्रॉन. खोलीच्या तापमानाचा आरसा घे, तो १० मायक्रॉनला लख्ख पेटलेला. आता याच आरशातून १० मायक्रॉनला एखादी अंधुक गॅलेक्सी बघायची म्हटलं तर दुर्बीणच दुर्बिणीला आंधळं करणार ना. म्हणून वेबला पाच पदरी उन्हाचा पडदा, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर लांब नेऊन ठेवलेली, आरसा उणे २२० अंश सेल्सियसच्या आसपास, आणि मिरी नावाचं जे लांब वेव्हलेंग्थचं यंत्र आहे ते तर वेगळा कूलर लावून ७ केल्व्हिनच्याही खाली.

आणि हबल? हबलचा आरसा मुद्दाम हीटर लावून खोलीच्या तापमानाला ठेवतात कारण तो त्याच तापमानाला घासून पॉलिश केलेला, थंड केला तर आकार बिघडेल. त्यामुळे तिचा आत्ताचा इन्फ्रारेड कॅमेरा १.७ मायक्रॉनला थांबतो. एक दुर्बीण गरम पाहिजे, दुसरी गोठवलेली पाहिजे, कर आता एकत्र.

सेन्सरचंही तसंच. साधं सिलिकॉन १.१ मायक्रॉनच्या पुढे आरपार काच होऊन जातं, फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण येतो आणि काही न करता निघून जातो. म्हणून वेबच्या जवळच्या इन्फ्रारेडला मर्क्युरी-कॅडमियम-टेल्युराइड आणि मिरीला आर्सेनिक मिसळलेलं सिलिकॉन. सब घोडे बारा टक्के करून चालत नाही इथे.

गामाबाबा
वरचा प्रतिसाद भारी आहे पण हे सगळं सोप्या टोकाचं झालं. एक्स-रे कडे या.

एक्स-रे नेहमीच्या आरशावर सरळ टाकले तर परत येत नाहीत, शोषले जातात किंवा घुसतात. त्यांची वेव्हलेंग्थ नॅनोमीटरच्या घरात, अणू-अणूंमधल्या अंतराच्या जवळपास गेलेली, तुमचा गुळगुळीत आरसा त्यांच्यासाठी गुळगुळीत नाहीच. उपाय एकच, एकदम तिरके टाका. चपटा दगड पाण्याला जवळजवळ समांतर फेकला की टप्पे घेत जातो, सरळ टाकला की बुडतो, तसंच काहीसं. चंद्रा नावाच्या दुर्बिणीत हा कोन एका अंशापेक्षाही कमी आहे. त्यामुळे तिचे आरसे ताटलीसारखे नसून नळीसारखे आहेत, एकात एक बसवलेल्या चार जोड्या, आतून इरिडियमचा मुलामा, आणि फोकस तब्बल १० मीटर मागे. समोरून बघितलं तर मधलं सगळं रिकामं आणि कडेला फक्त पातळ कड्या दिसतात, प्रकाश त्या कड्यांतूनच आत येतो. हे आणि वेबचा मधाच्या पोळ्यासारखा आरसा एका सांगाड्यात कसा बसवणार सांगा.

गॅमामध्ये तर आरसाच नाही, विषय संपला. २००८ ची फर्मी ही दुर्बीण कसली, एक डबाच आहे. आत टंगस्टनचे पातळ पत्रे आणि मध्येमध्ये सिलिकॉनच्या पट्ट्या. गॅमा फोटॉन टंगस्टनच्या अणूजवळून गेला की त्याचा इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन होतो, ते दोघे पट्ट्यांवर माग सोडत खाली जातात, तळाच्या सेसियम आयोडाइडच्या ठोकळ्यांत एनर्जी मोजली जाते, आणि माग उलटा ओढून फोटॉन कुठून आला ते काढायचं. एकेका फोटॉनचा पंचनामा. पण दिशा ढोबळच कळते, १ जीईव्ही (फोटॉनच्या एनर्जीचं माप) ला अंशाच्या आसपास चूक, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंदीचा ठिपका. हबल-वेबचे फोटो बघून डोळे बिघडलेल्यांना फर्मीचे नकाशे म्हणजे गिचमिड वाटतात, मला त्यातच जास्त मजा येते हा भाग वेगळा.

निशाचर
+१. आणि उलट्या टोकाचंही सांगून टाकतो. किती बारीक दिसणार हे वेव्हलेंग्थ भागिले आरशाचा व्यास यावर ठरतं. वेबला २ मायक्रॉनला ६.५ मीटर आरसा आहे. तेवढंच बारीक हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर रेडिओला बघायचं तर डिश लागेल साधारण ६८० किलोमीटरची. म्हणून रेडिओवाले लांब लांब डिश जोडून काम भागवतात. वेब हबलपेक्षा एवढी मोठी का याचं अर्धं कारणही हेच. लोकांना वाटतं मोठा आरसा म्हणजे जास्त शार्प, प्रत्यक्षात २ मायक्रॉनला वेब जेवढी शार्प आहे जवळपास तेवढीच हबल दिसणाऱ्या प्रकाशात आहे.

दुर्बीणवेडा
बाप रे, मस्तच. सगळ्यांचे आभार. आता पटलं की वेव्हलेंग्थ ठरली की अख्खं यंत्र तिच्याभोवती बांधायला लागतं. पण मग भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅटबद्दल वाचलं होतं की यूव्ही ते एक्स-रे सगळं एकदम बघते, ते कसं?

गामाबाबा
२०१५ ची अ‍ॅस्ट्रोसॅट म्हणजे एक दुर्बीण नाहीये, एकाच सांगाड्यावर बांधलेल्या वेगवेगळ्या दुर्बिणी आहेत. यूव्हीच्या ३८ सेंटिमीटरच्या दोन, सॉफ्ट म्हणजे कमी एनर्जीच्या एक्स-रे ची तिरक्या आरशांची एक, जास्त एनर्जीच्या एक्स-रे ला वायू भरलेले डिटेक्टर वेगळे. तुझी आयडिया थोडक्यात अशीच जमते, प्रत्येक यंत्र त्यामुळे आकाराने छोटं राहतं. फायदा मात्र मोठा, ब्लॅक होलजवळची चमक काही सेकंदांत बदलते, आज एक्स-रे बघितला आणि पुढच्या आठवड्यात यूव्ही तर तुलना कशाची करणार?

खडूस_काका
एवढी चर्चा झाली, पण मुद्द्याचं कोणी बोलत नाहीये. ते रंगीत फोटो रंगवलेले असतात. काळे-पांढरे येतात आणि इथे बसून रंग भरतात. सरळ सांगा की लोकांना.

अर्धवट_अभियंता
काका, काळे-पांढरे येतात हे शंभर टक्के खरं, कोणी लपवतही नाही. पण "रंग भरतात" म्हणजे मनाला येईल तसे भरतात असं नाही ना. एकेक फिल्टर लावून वेगळा फोटो घेतात, कुठे किती उजेड हे मोजलेलं असतं, मग कुठल्या फिल्टरला कुठला रंग हे ठरवतात. वेबला सोपा नियम, सगळ्यात लांब वेव्हलेंग्थ लाल, आखूड निळी. ४.४ मायक्रॉनला "खरा रंग" असतो कुठे? डोळ्याला तिथे अंधार आहे.

हबलचा १९९५ चा तो 'पिलर्स ऑफ क्रिएशन', वायू-धुळीच्या खांबांचा फोटो घ्या. सल्फरचा प्रकाश ६७२ नॅनोमीटर, हायड्रोजनचा ६५६, दोन्ही गडद लाल. खरे रंग ठेवले असते तर लालावर लाल, सल्फर कुठे नि हायड्रोजन कुठे काही कळलं नसतं. म्हणून सल्फर लाल, हायड्रोजन हिरवा आणि ऑक्सिजन निळा केला. माझी तक्रार असलीच तर ती बातम्यावाल्यांवर, फोटोखाली कुठला रंग म्हणजे काय ही एक ओळ छापायला काय जातं?

खडूस_काका
बरं. ती ओळ छापा, मग माझं काही म्हणणं नाही.

खड्डेमोजणी
वाचनमात्र असतो पण फोटोंवर गाडी गेली म्हणून लिहितोय. निम्मं काम फोटोचं नसतंच, स्पेक्ट्रमचं असतं, म्हणजे कुठल्या वेव्हलेंग्थला किती प्रकाश ते मोजायचं. चांद्रयान-१ वरच्या एम-थ्री या स्पेक्ट्रम मोजणाऱ्या यंत्राने २००९ मध्ये चंद्रावर पाण्याच्या खुणा दाखवल्या त्या कुठल्या फोटोत दिसल्या नव्हत्या. चंद्रावरून परत येणाऱ्या उन्हात ३ मायक्रॉनच्या आसपास एक खळगा होता, तेवढा प्रकाश कोणीतरी गिळलेला. पण गंमत अशी की ३ मायक्रॉनला पाणीही गिळतं आणि नुसतं हायड्रॉक्सिलही (एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन अशी जोडी) गिळतं, आणि एम-थ्री ची नजरच ३ मायक्रॉनला संपत होती, त्यामुळे खळग्याची पलीकडची बाजू दिसेना. वाद बरीच वर्षं चालला. ६ मायक्रॉनला मात्र फक्त पाण्याचा रेणू सापडतो, हायड्रॉक्सिल नाही. विमानात बसवलेल्या सोफिया दुर्बिणीने तिथे बघितलं आणि २०२० मध्ये क्लॅव्हियस विवराजवळ खरं पाणी असल्याचं जाहीर झालं. अकरा वर्षं अडलेली गोष्ट वेव्हलेंग्थ दुप्पट केल्यावर सुटली.

निशाचर
हे माहीत नव्हतं, भारी. असाच किस्सा गॅलेक्सींचा पण आहे. हायड्रोजनची १२१.६ नॅनोमीटरची यूव्ही रेषा, विश्व पसरल्यामुळे ताणली जाते. २०२४ मध्ये वेबला रेडशिफ्ट १४ च्या वरची गॅलेक्सी मिळाली (रेडशिफ्टमध्ये एक मिळवला की किती पट ताण ते कळतं), तिथे सगळं १५ पट ताणलेलं, म्हणजे ती रेषा १.८ मायक्रॉनच्या पुढे. हबलचा कॅमेरा १.७ ला संपतो. त्या रेषेच्या अलीकडचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन खातो, त्यामुळे हबलच्या लेखी ती गॅलेक्सी अस्तित्वातच नाही, कितीही तास रोखून बसा.

दुर्बीणवेडा
शेवटचा प्रश्न, मग छळत नाही. हे मूळ काळे-पांढरे फोटो आपल्याला बघता येतात का? की शास्त्रज्ञांनाच?

अर्धवट_अभियंता
येतात, फुकट. मास्ट म्हणून अर्काइव्ह आहे, हबल आणि वेब दोन्हींचा डेटा तिथे असतो. ज्यांनी निरीक्षण मागितलं त्यांच्याकडे तो बऱ्याचदा वर्षभर राखीव असतो, मग सगळ्यांना खुला. वेबच्या फाइलच्या नावात शेवटी आय२डी असेल ती घे, ती जोडून तयार झालेली असते. फिल्टरचं नाव वाचता आलं की निम्मं काम झालं, एफ२००डब्ल्यू म्हणजे २ मायक्रॉनचा रुंद पट्टा, एफ१८७एन म्हणजे १.८७ चा अरुंद, तो हायड्रोजनसाठी. मिरीचा एफ७७०डब्ल्यू ७.७ मायक्रॉनचा, त्यात कार्बनी धुळीचे रेणू चमकतात. एकाच जागेचा एफ२००डब्ल्यू आणि एफ७७०डब्ल्यू शेजारी शेजारी उघडून बघ, पहिल्यात तारे आणि दुसऱ्यात धूळ, जागा तीच आहे यावर विश्वास बसत नाही.

डीएस९ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात उघडेल. पहिल्यांदा सगळं काळं दिसेल, फाइल खराब आहे समजून डिलीट करू नकोस, स्केलमध्ये जाऊन लॉग कर.