मदत हवी आहे : ऊसतोड कामगारांच्या मुलांची एकत्र यादी कोणी करायची?

सांगली जिल्ह्यातील आमच्या गावाशेजारी दिवाळीच्या सुमारास बीडकडील ऊसतोड टोळ्या उतरतात आणि हंगाम संपेपर्यंत राहतात. तेथील मुलांसाठी मी स्वयंसेवक म्हणून काम करते. शाळाप्रवेशाची अडचण नाही, कारण शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ नुसार दाखल्याअभावी प्रवेश अडवता येत नाही, हे मुख्याध्यापकांना मान्य आहे. अडते ते लहान मुलांपाशी. एका कोपीतील (मजुरांच्या झोपडीतील) चार वर्षांच्या मुलीचे नाव पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपवर, मूळ गावच्या अंगणवाडीतच आहे. इथे तिला खाऊ मिळतो, पण वजनाची नोंद होत नाही. लसीकरण कार्ड गावी पेटीत राहिले आहे. तिचा तिसरीतला भाऊ तिला कडेवर घेऊनच वर्गात येतो आणि ती रडली की उठून जातो.

सेविका, आरोग्यसेविका आणि शिक्षक आपापल्या परीने मनापासून करतात, मात्र तिघांच्या याद्या वेगळ्या आहेत. तालुक्याच्या एका कार्यालयात ‘आधी मूळ गावातून नाव कमी करून आणा’ असे सांगितले, जे हंगामात पालकांना अशक्य आहे. मुलांचे आधार क्रमांक आणि पालकांचे मोबाइल उपलब्ध आहेत. ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर आहे, बैठक होत नाही.

ज्यांनी हे प्रत्यक्ष करून घेतले आहे त्यांनी कृपया सांगावे : ट्रॅकरवरील स्थलांतराची नोंद इकडच्या सेविकेकडून करून घेता येते का, आणि तिन्ही विभागांची संयुक्त यादी करण्यासाठी लेखी अर्ज गटविकास अधिकाऱ्यांकडे द्यावा की बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे?